आईने गाण्याची खोली आवरली तो दिवस

आमच्या घरातल्या एका खोलीत सुक्या बांगड्यांचं पोतं टांगलेलं असायचं, आणि ते तिथे गाणं चांगलं ऐकू यावं म्हणून टांगलेलं असायचं, असं मी सांगितलं की लोक आधी हसतात. मी खरंच सांगतेय हे कळलं की जास्त हसतात. हसू देत, मला तेवढंच हवं असतं. पण एका सकाळी ते पोतं खिळ्यावरून खाली उतरलं, आणि माझ्या बहिणीचा आवाज कायमचा बंद व्हायची वेळ आली. ती सकाळ सांगायची तर आधी ती खोली सांगायला हवी.

मालवणात बाजार संपून गल्ली समुद्राकडे वळते तिथे आमचं घर. बाबा बांधकाम खात्यात ओव्हरसियर होते. दिवसभर ते रस्त्यांची आणि मोऱ्यांची मापं घेत आणि संध्याकाळी घरी येऊन आवाजाची मापं घेत. त्यासाठी त्यांच्याकडे कुठलंही यंत्र नव्हतं, टाळी होती. फणसाच्या फळ्यांचे दोन भलेमोठे खोके त्यांनी सुताराकडून करून घेतले होते, मुंबईच्या मामांनी आणलेले स्पीकर त्यांत बसवले होते आणि मधल्या बाकड्यावर कॅसेटचा डेक ठेवला होता. हे सगळं आधी पुढच्या खोलीत मांडलं, तर गवई विहिरीत पडून गातोय असं वाटायचं. बाबांनी डेक उघडला, तारा बदलल्या, सुताराला बोल लावले. मग एकदा ते आईला हाक मारत भाताच्या खोलीत शिरले आणि दारातच थबकले. हाकेचा आवाज वेगळाच आला होता, साधा आणि जवळचा. त्यांनी टाळी वाजवली. पुढच्या खोलीत टाळीनंतर कबुतरं उडाल्यासारखी फडफड व्हायची. तिथे गिलाव्याच्या गुळगुळीत भिंती होत्या, तुकतुकीत लादी होती, काचेचं कपाट होतं, आणि आवाज ह्याच्यावरून त्याच्यावर उड्या मारत राहायचा. भाताच्या खोलीत टाळी वाजली आणि संपली. त्याच दिवशी सगळा सरंजाम भातात गेला.

तिथून आमच्या घराचे हाल सुरू झाले. भाताची पोती चार कोपऱ्यांत रचायची, कारण जड, घुमणारा आवाज कोपऱ्यात जाऊन साठतो आणि पोती तो पिऊन टाकतात. कोब्यावर काथ्याच्या चटया, चटयांवर घोंगड्या. समोरच्या भिंतीवर गोधड्या टांगलेल्या. थंडीच्या दिवसांत पांघरायला गोधडी हवी असली तर बाबांना विचारावं लागे, आणि ते आधी टाळी वाजवून बघत, मग नाही म्हणत. पणजोबांचा काचेच्या चौकटीतला फोटो खर्जाचा सूर लागला की थरथरायचा. त्यांच्या पाठीमागे कापसाचे बोळे बसवले तेव्हा कुठे ते गप्प झाले. उजव्या खोक्यामागे तरीही काहीतरी उरत होतं. तिथे बाबांनी उशी टांगली, काथ्या टांगला, नारळाची सोडणं भरलेली गोणी टांगली. शेवटी पावसाळ्यासाठी भरलेलं सुक्या बांगड्यांचं पोतं टांगलं आणि त्यांचा चेहरा उजळला.

"तुमच्या गाण्याक म्हावऱ्याचो वास येता," आई म्हणायची.

"येंदे. घुमता तरी नाय," बाबा म्हणायचे.

टाळी वाजवायचं काम पुढे माझ्याकडे आलं, कारण घरात सगळ्यात तिखट कान माझे निघाले. आजही मी कुणाच्या नव्या घरी गेले की चहा यायच्या आत एक टाळी वाजवून घेते. यजमानांना वाटतं मला घर आवडलं. परवा माझ्या भाच्याने त्याच्या खोलीत चिकटवायला राखाडी फोमचे तुकडे पार्सलने मागवले आणि मला मोठ्या ऐटीत दाखवले. मी त्यांचा वास घेऊन बघितला. कशाचाच वास नव्हता. मला बाई त्या फोमचा भरवसा येईना.

तर माझी बहीण, कुंदाताई. माझ्याहून थोडी मोठी, माझ्याहून पुष्कळ शहाणी, आणि गळा असा की ती परसात धुणी धुताना गुणगुणायची तेव्हा शेजारच्या शेवंताकाकी आपलं भांडण मध्येच थांबवायच्या. एका पावसाळ्यात तिला ताप आला तो उतरता उतरेना. त्यातून उठली आणि देवळातल्या जत्रेत लोकांनी तिला गायला बसवलं. वरच्या गंधारावर तिचा आवाज फाटला. मागून कुणीतरी ओरडलं, "फुटकी कळशी रे!" आणि सगळं देऊळ हसलं. ताईने तंबोरा तिथेच ठेवला आणि उठून घरी आली; तो मागून बाबांनी आणला. अंगात ताकद आल्यावर आवाजही परत आला असणार, पण तो कुणाला ऐकू येईना, कारण माणसांसमोर ती तोंडच उघडेना. गायची ती फक्त भाताच्या खोलीत, दार लावून, माझ्याकडे पाठ आणि भाताच्या पोत्यांकडे तोंड करून. डेकचं बटण मी दाबायचे. अशा एका संध्याकाळी तिने भूप गायला आणि तो कॅसेटवर उतरला. आम्ही तो कितीदा ऐकला! वरचा गंधार चांगला स्वच्छ लागला होता. निदान आम्हाला तसं वाटत होतं.

सावंतवाडीला एक नावाजलेले गुरुजी होते. फार थोड्या जणांना शिकवायचे, ज्यांना निवडायचे त्यांना आपल्या घरीच ठेवून घ्यायचे. बाबांनी त्यांना गाठलं, मुलीचं सांगितलं. गुरुजी एका लग्नाच्या निमित्ताने मालवणला येणार होते. म्हणाले, दुपारी तुमच्याकडे जेवायला येतो, मुलीला ऐकतो. घरी आल्यावर बाबांनी हे सांगितलं तेव्हा ताईचा चेहरा पांढरा पडला. ती गाणार नाही म्हणाली. मग पुष्कळ समजावल्यावर कॅसेट ऐकवायला तयार झाली, पण तिने एक अट घातली, आणि ती अट घालताना तिचा आवाज जराही हलला नाही.

"टेप आयकवा. पण त्येंनी आवाज फुटको म्हटल्यांनी, तर माका परत कोणी गा म्हणूक नको. तंबोरो मी माळ्यार ठेवतलंय."

ती बोलेल ते करणारी होती. त्या दिवसापासून आमच्या घरात कुणी मोठ्याने बोलेना.

आदल्या संध्याकाळी बाबांनी आम्हाला गुरुजींच्या सवयी शिकवल्या. गुरुजी माळकरी, जेवणात कांदासुद्धा नको. आणि त्यांचा पानाचा डबा. चौकोनी, पितळी, झाकणावर अडकित्ता ठेवलेला. त्या डब्याला दुसऱ्या कुणी हात लावलेला त्यांना खपत नसे. एका घरी जावयाने ताट ठेवायला जागा करावी म्हणून डबा जरा बाजूला सरकवला, तर गुरुजी जेवणाआधी उठून चालते झाले होते. "डब्याक हात लावूचो नाय," बाबा मला म्हणाले. "त्याच्या आजूबाजूकसुद्धा जाव नको." माझी कीर्ती अशी होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबा गुरुजींना आणायला लग्नघरी गेले आणि आईने मला तारकर्लीला मावशीकडे केळीची पानं आणायला पिटाळलं. पानं कापून, बांधून, मावशीचं बोलणं ऐकून मी परत आले तर परसातल्या दोरीवर आमच्या सगळ्या गोधड्या वाळत होत्या. वाळत म्हणजे, त्यांतून पाणी गळत होतं. पडवीत भाताची पोती. पेरूच्या झाडाखाली चटया. आणि विहिरीच्या कट्ट्यावर, मांजरांच्या घोळक्यात, बांगड्यांचं पोतं.

मी पानं तशीच टाकून खोलीत धावले. आईने खोली आरशासारखी केली होती. कोबा धुतलेला, अजून ओला. भिंती झाडलेल्या. पणजोबांचा फोटो पुसून लख्ख, कापसाचे बोळे काढलेले. आणि भिंतीकडेला, पाहुण्याला शोभा दिसावी म्हणून, चिंचेने घासलेले तांब्या-पितळेचे हंडे आणि कळश्या ओळीने मांडलेल्या. मी टाळी वाजवली. पूर्वी तिथे टाळी वाजवली की विझायची. आता ती भिंतींवरून धावत सुटली, हंड्यांत शिरली, तिथून गुणगुणत बाहेर पडली.

"आये, ह्या काय केलंस गे!"

"काय केलंय? झाडलंय. माणूस बसात अशी केलंय," आई म्हणाली. तिच्या कपाळाला चिंचेचा कोळ लागला होता आणि ती खूश होती. "माळकरी माणूस, तेंका सुक्या बांगड्याखाली बसवू?"

"पण आवाज बिघडलो!"

"आवाज टेपेत आसा. तो माझ्या झाडूक कसो लागतलो?"

ह्यावर बाबांनी मला शिकवलेलं सगळं शास्त्र सांगायला मी तोंड उघडलं, तोच फाटक वाजलं.

गुरुजी उंच, किरकोळ, पांढऱ्या धोतरातले. डबा काखेत. ते खोलीत शिरले आणि खाकरले, आणि ते खाकरणं चारी भिंतींना भेटून परत आलं. त्यांच्यामागून बाबा आत आले. मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होते. आधी त्यांना स्वतःच्या पावलांचा आवाज ऐकू आला, मग त्यांनी कोपरे बघितले, मग उजव्या खोक्यामागचा रिकामा खिळा. दारात आई हसत उभी होती, शाबासकीची वाट बघत. गुरुजींसाठी पाट मांडला होता त्यावर ते बसले. जमीन ओली होती, म्हणून डबा त्यांनी खाली न ठेवता समोरच्या बाकड्यावर, डेकच्या शेजारी ठेवला, आणि अडकित्ता झाकणावर नीट आडवा केला.

स्वयंपाकघरात बाबांनी आईला गाठलं. कुंदाताई तिथेच कोपऱ्यात खवणीवर नारळ खोवत बसली होती, म्हणून सगळं कुजबुजत.

"पोता खंय?"

"बाहेर."

"परत आत हाड."

"जीव गेलो तरी नाय."

"मगे गोधडे तरी!"

"धुतलंय."

बाबांनी डोळे मिटले. ताईची खवणी थांबली. तिने वर बघितलं नाही, पण तिला कळलं होतं. मग खवणी परत सुरू झाली, आधीपेक्षा सावकाश. भाताची पोती परत आत आणायची तर पाहुण्याच्या डोक्यावरून आणावी लागणार. आणि तेवढ्यात मला सुचलं. रविवारी शेजारपाजारचे ऐकायला येत तेव्हा त्याच खोलीत गाणं आणखी मऊ वाटायचं. माणूस म्हणजे काय, कपड्यात गुंडाळलेली गादीच! मी बाबांच्या कानात दोन शब्द बोलले आणि परसातून शेवंताकाकींकडे पळाले.

"काकी, चला. आमच्याकडे बसाक येवा."

"गाणा आसा काय गो?"

"आसा. पण आयकूक नको, नुसत्या बसा. आणि जाडसा लुगडा नेसा."

काकींनी माझ्याकडे असं बघितलं की ताप ह्या बहिणीलाही आला की काय. पण आल्या. आपल्याबरोबर जाऊबाई, दोन्ही सुना, आणि गल्लीतून जाणारी होती नव्हती ती माणसं घेऊन आल्या. ज्याच्या घरी घोंगडी होती त्याला मी ती घेऊन यायला लावलं. भर दुपारी घोंगड्या पांघरून माणसं आत येऊन भिंतींना टेकून बसू लागली तसे गुरुजी सुखावले. "मालवणात गाण्याची एवढी आवड आहे, कल्पना नव्हती," ते म्हणाले. बाबांनी अचानक हवेत टाळी वाजवली. गुरुजींनी चमकून बघितलं.

"डास," बाबा म्हणाले.

टाळी बरी होती. फार चांगली नाही, पण बरी. मी आणखी दोघांना हंड्यांच्या ओळीसमोर बसवलं. बाबांनी परत हवेत टाळी वाजवली.

"डासही पुष्कळ दिसतात," गुरुजी म्हणाले. "लावा आता."

मी बटण दाबलं. तंबोरा सुरू झाला आणि ताईचा पहिला षड्ज आला.

"भर दुपारी भूप?"

"टेप आहे, गुरुजी," बाबा हात जोडून म्हणाले. "गायली संध्याकाळीच होती."

गुरुजी हसले, डोळे मिटून ऐकू लागले, आणि मला जरा श्वास घेता आला. माणसांनी काम केलं होतं. कडा थोड्या टोचत होत्या, पण आवाज ताईचाच वाटत होता. गुरुजींची बोटं गुडघ्यावर चालू लागली. आतली खवणी बंद पडली होती, म्हणजे दाराआड ती ऐकत होती. आलाप हळूहळू वर चढत गेला, वरच्या षड्जावर टेकला, तिथून रिषभ, आणि मग गंधार.

झिर्रर्र.

बारीक, पण अगदी त्या सुराला चिकटून. गुरुजींची बोटं थांबली. बाबा माझ्याकडे आणि मी बाबांकडे. पणजोबा! बाबा उठले आणि उकडतंय असं दाखवत भिंतीला जाऊन टेकले, नेमकी फोटोवर पाठ लावून. आलाप परत वर चढला. झिर्रर्र. मी पाणी द्यायच्या निमित्ताने हंड्यांकडे गेले, दोन कळश्यांना मिठी मारून बसले. झिर्रर्र. खिडकीचं दार असेल म्हणून मी खिडकीशी बसलेल्या काकींना डोळ्यांनी खुणावलं; त्यांनी ते अशा आवळून धरलं की जणू वादळ येतंय. आता सगळी खोली श्वास रोखून बसली होती. काय चाललंय ते कुणालाच ठाऊक नव्हतं, पण गंधार आला की सगळ्यांचे खांदे वर जायचे. झिर्रर्र.

मग बाबांनी माझ्याकडे जे बघितलं ते मी विसरलेले नाही. त्या नजरेत शोध नव्हता, शंका होती. आम्ही ही कॅसेट ऐकली होती ती पोत्यांच्या, गोधड्यांच्या, बांगड्यांच्या खोलीत. त्या खोलीने सगळं मऊ करून, सगळं पिऊन आम्हाला ऐकवलं होतं. ही चीर आधीपासूनच आवाजात असेल आणि आमच्या गोधड्यांनी ती आमच्यापासून लपवली असेल तर? मी कळश्या सोडल्या. मी वर बघितलं, उगाच, रडू येऊ नये म्हणून, आणि माळ्याच्या फळीवर मला उन्हाचा एक कवडसा दिसला. खिडकीतलं ऊन कशावर तरी पडून तिथे उडालं होतं. ताईचा आवाज वर चढत होता आणि कवडसा स्थिर होता. गंधार लागला आणि कवडसा थरथरला. सूर खाली उतरला आणि तो थांबला.

मी कवडशावरून ऊन कुठून येतं ते बघितलं. पितळी झाकण. त्यावर आडवा अडकित्ता.

मी बाबांना डोळ्यांनी दाखवलं. त्यांनी डबा बघितला, कवडसा बघितला, आणि फोटोला टेकल्या टेकल्या मान हलवली. नाही. गप्प बस. त्याच क्षणी गुरुजींनी हात वर केला.

"बंद करा."

मी बटण दाबलं. तो खटका ओल्या कोब्यावरून स्वयंपाकघरापर्यंत गेला असणार.

"आवाज गोड आहे," गुरुजी म्हणाले. ते खरोखरच हळुवारपणे बोलत होते, आणि त्याचंच मला जास्त भय वाटलं. "तालीमही दिसते. पण वर गेला की चिरतो. आजारपणानंतर होतं असं. तिला आता ताणू नका. घरात, देवापुढे गाऊ दे."

आत खवणी भिंतीला उभी करून ठेवल्याचा आवाज आला. बाबांचे हात खाली लोंबत होते. ताई आता उठणार, माळ्याची शिडी लावणार, हे मला इतकं स्पष्ट दिसलं की माझं मन नाही, माझं तोंडच बोललं, आणि पाहुण्यांसमोर बोलायची शुद्ध भाषा त्याला आठवलीच नाही.

"गुरुजीनू, तो आवाज तिचो नाय. तो तुमच्या डब्याचो!"

आईच्या हातातली पळी पडली. "गेला आता सगळा," शेवंताकाकी खिडकीजवळून म्हणाल्या. गुरुजी सावकाश उठले. त्यांनी अडकित्ता उचलला, डबा उचलला, काखेत धरला.

"माझा डबा," ते म्हणाले, "माझ्या प्रत्येक मैफलीत माझ्याशेजारी असतो. आणि तू मला सांगतेस की तो बेसूर वाजतो?"

"बेसूर नाही," मी म्हटलं. "अगदी सुरात वाजतो. म्हणून तर फसवतो."

बाबांनी मला खाली बस म्हणून खूण केली. गुरुजी दारापर्यंत गेले. एक पाय चपलेत घातला. आणि मग, पाठ आमच्याकडे ठेवूनच, म्हणाले, "परत लावा."

कॅसेट मागे फिरायला इतका वेळ लागतो हे मला तेव्हा कळलं. डेक घरघरत होता, गुरुजी एका पायात चप्पल घालून उभे होते, आणि घोंगड्यांतली माणसं घामाने निथळत होती. मी बटण दाबलं. षड्ज. रिषभ. गंधार.

स्वच्छ. धुतलेल्या कोब्यासारखा.

गुरुजी चपलेसकट आत आले. त्यांनी डबा बाकड्यावर ठेवला, अडकित्ता वर आडवा केला. "परत." झिर्रर्र. अडकित्ता उचलला. "परत." थोडी कमी. मग त्यांनी झाकणावर एक बोट टेकवलं, "परत," आणि झिर्रर्र नाहीशी झाली. आता त्यांच्या चेहऱ्यावर राग राहिला नव्हता. नवा भोवरा हातात आलेल्या पोरासारखे ते दिसत होते. पण गंधार यायचा आणि निघून जायचा, आणि त्यांना काही तो पुरेना.

"ही टेप पळते. मला हा सूर धरून हवा. बोलवा त्या मुलीला."

"गुरुजी, ती माणसांसमोर गात नाही," बाबा म्हणाले.

"गायला कोण सांगतंय? मला डबा वाजवायचाय!"

आईने ताईला जवळजवळ ढकललंच. ती दारात आली, बोटांना खोबऱ्याचा चव लागलेला, नजर जमिनीवर. गुरुजींनी तिचं नावही विचारलं नाही. डबा तिच्यासमोर धरून म्हणाले, "माझ्याकडे बघू नकोस. कुणाकडे बघू नकोस. इथे बघ. ह्या अडकित्त्याला हलव."

ती वाकली. पुटपुटल्यासारखा गंधार लावला. काही नाही. "एवढ्याने तो जागा होणार नाही," गुरुजी म्हणाले. तिने परत लावला, जरा मोठा. सगळी खोली डब्याकडे वाकली. काही नाही. तिसऱ्या वेळी तिने श्वास भरून घेतला, आणि अडकित्ता अगदी मुंगीसारखा बोलला.

"वाजलो! वाजलो!" काकी ओरडल्या.

"श्श!" गुरुजींनी डबा हातभर मागे नेला. "आता?" तिने आवाज वाढवला. वाजला. त्यांनी तो बाकड्यावर ठेवला. वाजला. मग खिडकीकडे पाठवला, हो, तोच डबा, शेवंताकाकींच्या हातात दिला आणि काकींनी तो देवाच्या मूर्तीसारखा तळव्यावर धरला. ताई त्या डब्यावर डोळे लावून, माणसांच्या डोक्यांवरून, आवाज फेकू लागली. आणि त्या वेळी एक गोष्ट घडत होती, जी मला पुष्कळ वर्षांनी नीट समजली. ज्या उघड्या भिंती, ओला कोबा आणि हंडे कॅसेटच्या जिवावर उठले होते, ते माझ्या बहिणीच्या खऱ्या गळ्याला उचलून धरत होते. पोत्यांच्या खोलीत ती गायची तेव्हा आवाज तिच्या ओठांवरच संपायचा आणि ती बिचारी आणखी चोरून गायची. इथे खोली तिला उत्तर देत होती. ती जेवढं देत होती त्याहून जास्त तिला परत मिळत होतं. आईने नकळत तिच्यासाठी देऊळ झाडून ठेवलं होतं, फक्त हसणारं कुणी त्यात नव्हतं.

गंधार भरत गेला. डबा झिरझिरत राहिला. मग गुरुजी पाय न वाजवता खिडकीकडे गेले आणि काकींच्या तळव्यावरच्या झाकणावर त्यांनी आपला हात ठेवला. झिर्रर्र थांबली. आवाज राहिला. एकटा, सरळ, कुठेही चीर नसलेला. ताईला काही क्षण कळलंच नाही. मग तिला झाकणावरचा हात दिसला. मग हातामागचे गुरुजी, मग काकी, मग आम्ही सगळे, घोंगड्यांतली सगळी माणसं, तिच्याकडे तोंड करून बसलेली. तिचा श्वास संपला. बाबा फोटोवरची पाठ काढायला विसरले होते. मी मनात म्हणत होते, पळू नको गो, पळू नको.

तिने ओले हात पदराला पुसले. श्वास घेतला. आणि तोच गंधार परत लावला.

"तोंड केवढं उघडतेस!" गुरुजी तिच्यावर खेकसले. "आणि वाकून काय गातेस? बस इथे, समोर. हां. आता तिथून उतर. सावकाश. मध्ये घसरायचं नाही."

ताई ओल्या कोब्यावर बसली आणि गंधारावरून रिषभावर उतरली.

"नाही. परत."

ती परत वर गेली. पलीकडे वाढलेल्या पानांवर भात निवत होता आणि कुणाला उठायचं भान नव्हतं. आई तेवढी बाबांच्या जवळ सरकली आणि त्यांची बाही ओढून कुजबुजली, "अहो, सावंतवाडीक हिच्या जेवणाखाणाचा कोण बघतलो?"

बाबांनी ओठांवर बोट ठेवलं.

"परत," गुरुजी म्हणाले.